खडकाशेजारची पांढरी जागा

सोलापूर,
१९ नोव्हेंबर १९७२

ती. द्वारकामावशी यांस,

साष्टांग नमस्कार. माझे दोन्ही गुडघे सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांचा नमस्कार पुरेसा मानून घ्यावा.

आपण मला ओळखत नाही. मी मथुरेचा मुलगा, त्र्यंबक. वय सत्तेचाळीस, अविवाहित, इथल्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवतो. आमच्या घरात आपलं नाव काढलं जात नाही, त्यामुळे आपण हयात आहात की नाही हेही मला पक्कं ठाऊक नव्हतं. शेवटी कोकणात, कोंडवेळच्या पोस्टमास्तरांना जोडकार्ड टाकलं. द्वारका समुद्रात बुडाली असं पुराणं सांगतात. पोस्टमास्तरांनी कळवलं, ‘द्वारकाबाई ठणठणीत आहेत, परवाच माझ्याशी भांडल्या.’ पुराणांवरचा माझा विश्वास थोडा उडाला आणि पोस्टखात्यावरचा पुष्कळ वाढला. आजोबांनी मुलींची नावं मथुरा आणि द्वारका ठेवली तेव्हाच, एक समुद्रकाठी राहणार आणि दुसरी लांब, असं ठरून गेलं असावं.

काम असं आहे. दसऱ्याच्या सुमारास आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. तसं किरकोळच, पण सध्या उठत नाही. भिंतीकडे तोंड करून एकाच कुशीवर असते, कारण दुसऱ्या कुशीवर वळवलं की कळ येते. भिंत चुन्याची, कोरी. बोलणं जवळजवळ थांबलं आहे. विचारलं तर हूं, न विचारलं तर तेही नाही. गेल्या आठवड्यात मात्र दुपारी झोपेत स्पष्ट म्हणाली, ‘पुळणीवर पाणी आलं गं.’

माझ्या डोक्यात आलं की दिवसभर जी भिंत बघायची, तिच्यावर निदान ती समुद्रकाठची पुळण असावी. म्हणून मी जलरंगात ती काढायला घेतली आहे. यात अडचणी दोनच. मी आजवर चित्र काढलेलं नाही आणि समुद्र पाहिलेला नाही. संस्कृतात समुद्राला नावं ढिगानं आहेत: सागर, अर्णव, रत्नाकर, पारावार. ती सगळी मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. त्या वर्गात, मास्तर धरून, एकानेही समुद्र पाहिलेला नसतो. यंदा तर सोलापुरात नुसतं पाणी दिसलं तरी लोक वळून बघतात.

तेव्हा आपल्या घराखालची ती पुळण कशी आहे ते कळवावं. डोंगर कुठल्या अंगाला, झाडं कुठली, पाणी सकाळी कसं आणि दिवेलागणीला कसं. आईलाच का विचारत नाही, असं आपल्या मनात येईल. ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असावं.

हे पत्र आईच्या संमतीने लिहितो आहे.

आपला भाचा,
त्र्यंबक


सोलापूर,
१० डिसेंबर १९७२

ती. द्वारकामावशी यांस, सा. न.

आपलं कार्ड पोचलं. ‘दोन्ही बाजूंना डोंगर. मध्ये पुळण. समुद्र समुद्रासारखा असतो. मथूला आशीर्वाद सांगू नये.’ एवढ्या मोठ्या समुद्राचं एवढं आटोपशीर वर्णन माझ्या वाचनात नाही. शेवटच्या वाक्याचा अन्वय लावायला मात्र मला एक संध्याकाळ लागली. आशीर्वाद आहेत, पण सांगायचे नाहीत. मी ते आईच्या उशीखाली सरकवून ठेवले आहेत असं समजावं.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक रुद्रप्पा मला रोज शाळा सुटल्यावर शिकवतात. अक्कलकोटकडचे आहेत. ब्रश माझ्या हातात असला की कानडीत पुटपुटतात आणि त्याचा अर्थ सांगत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पेटीतली पांढऱ्या रंगाची वडी काढून खिशात टाकली. ‘जलरंगात पांढरा रंग नसतो, मास्तर. पांढरं म्हंजे कागद. जे उजेडात ऱ्हायला पायजे ते आदी ठरवायचं आन तितं हातच लावायचा न्हाय. मागनं आठवून उपेग न्हाय.’ मी म्हटलं, हे तर संन्याशाला सांगतात तसं झालं. ते म्हणाले, ‘संन्याशी बरा. तो कागद तरी खराब करत न्हाय.’

घरी निंगव्वा आहे. आईचं सगळं तीच करते. तिचा या कलेला सक्त विरोध. ‘टँकरच्या मागं घागर घिऊन पळायचं आमी, आन तुमी तांब्याभर पानी समिंदराला घालतायसा!’ आता ब्रश धुतलेलं पाणी तुळशीला घालायचं, असा तह झाला आहे. आमची तुळस हल्ली किंचित निळसर दिसते.

तर पहिलं चित्र झालं. समोर नमुना हवा म्हणून इथल्या सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसलो होतो. तळंही यंदा तळाशीच गेलं आहे, पण मनानं ते भरलं. दोन्ही बाजूंना आपल्या आज्ञेप्रमाणे डोंगर घातले. चित्र आईच्या डोळ्यांसमोर भिंतीला खिळ्यानं लावलं आणि मी बाजूला झालो.

मग आतून कुठूनतरी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. निंगव्वा पोळपाट टाकून धावत आली. आई हसत होती.

‘मेल्या, समुद्राला पलीकडचा काठ असतो होय? आणि त्याच्यावर बाभळी?’

मी शास्त्राधार काढला. म्हटलं, समुद्राला पारावार म्हणतात. पार म्हणजे पलीकडचा काठ, अवार म्हणजे अलीकडचा. दोन्ही काठ असल्याशिवाय का पूर्वजांनी म्हटलं असेल?

‘तुझ्या पूर्वजांना सांग, पलीकडे काही दिसत नसतं. म्हणून तर बघत बसावंसं वाटतं.’

एवढं सलग वाक्य ती दोन महिन्यांत बोलली नव्हती. निंगव्वा मला बाहेर ओढून नेऊन म्हणाली, ‘म्हातारी हासली की हो मास्तर! अजून एक काडा.’

मागच्या पत्रात ‘किरकोळ’ लिहिलं होतं, ते खोडतो. खुब्याचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात औषधापेक्षा मनानं उभारी धरायला हवी, आणि तशी इच्छा दिसत नाही. अजून एक गोष्ट कबूल करायची आहे, पण ती आज नको.

आपला,
त्र्यंबक


सोलापूर,
१७ जानेवारी १९७३

ती. द्वारकामावशी यांस, सा. न.

सोबत तिळगूळ आहे. पोस्टखातं त्याचा चुरा करणार हे गृहीत धरून मीच आधी केला आहे.

आपल्याला वाटत असेल की मी पाठवतो त्या चित्रांच्या नकला दर वेळी जास्त बिघडत कशा जातात. ‘केवडा उजवीकडे. डावीकडे दाखवणारा आंधळा असावा,’ असं आपण लिहिलं आहे. मावशी, तो आंधळा नाही, लबाड आहे. मी हल्ली ठरवून चुकतो.

त्या पलीकडच्या काठानंतर माझ्या लक्षात आलं की चित्र बरं निघालं तर आई ‘हूं’ म्हणते आणि चुकलं तर बोलते. मग मी पुळणीवर होड्या ओढून ठेवल्या. ‘होड्या कुठल्या? तोंडाशी सगळे खडक. कोळी फिरकायचे नाहीत तिथं. आमच्याशिवाय चिटपाखरू नसायचं.’ कातळावर माड लावले. ‘कातळावर माड? तिथं उंडीचं झाड होतं, वाकडं, समुद्राकडे पाठ करून.’ एकदा सूर्य डोंगरामागे बुडवला, तेव्हा तर उठून बसायचा प्रयत्न केला. एका चुकीला साधारण एक वाटी भात पोटात जातो. निंगव्वा ताट घेऊन येताना दारातच विचारते, ‘आज काय चुकीवलंय?’ रुद्रप्पांना हे धोरण सांगितलेलं नाही. ते बिचारे म्हणतात, ‘हात सुदारतोय तुमचा, डोस्कं बिगडतंय.’

आणि आपणही, मावशी. कार्डाचं जोडकार्ड झालं, जोडकार्डाचं पाकीट. घराच्या मागून पुळणीवर उतरणारी, जांभ्यात खोदलेली घळीतली वाट आपण अशी सांगितली आहे की मी डोळे मिटून उतरू शकेन, गुडघे असते तर. ओहोटीला पाणी आधी हिरवं आणि मग दुधासारखं होतं, हे तर रुद्रप्पांनी दोनदा वाचून घेतलं.

गंमत अशी की आई जे सांगते आणि आपण जे लिहिता, ते एकमेकींशी तंतोतंत जुळतं. उंडी वाकडी, वाळू काळसर, केवडा उजवीकडे. पन्नास वर्षांत एकीनेही एक झाड हलू दिलेलं नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. काल आईनं चित्र पुष्कळ वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, ‘सगळं आलं. तो खडक कुठाय?’ डाव्या डोंगराच्या पायथ्याशी अर्धा पाण्यात असलेला एक मोठा खडक म्हणे. पोटात पोकळ, एक माणूस बसेल एवढा. ओहोटीला चालत जाता येतं. त्याचा आकार कसा आहे, घरातून दिसतो का, एवढं कळवावं. म्हणजे मग मला तो चुकीच्या जागी काढता येईल.

आपला,
त्र्यंबक


सोलापूर,
२० फेब्रुवारी १९७३

ती. द्वारकामावशी यांस, सा. न.

‘असा खडक तिथे नाही. कधी नव्हता. मथूला वयाने भ्रम होत असेल.’

मावशी, केवड्याला आपण पाऊण पान दिलंत. घळीला दोन. खडकाला तीन वाक्यं, आणि तीही पाय आपटून. मी बरीच वर्षं मुलांच्या तोंडी परीक्षा घेतो. घडाघडा बोलणारा मुलगा जिथे एकदम आखडतो तिथेच काहीतरी असतं, हे पाठांतराशिवाय कळलेलं माझं एकमेव ज्ञान.

आता ती राहिलेली कबुली देतो. आईच्या संमतीने लिहितो म्हणालो होतो, ते खोटं होतं. मी आपल्याला लिहितो हे तिला ठाऊकच नव्हतं. ते तिला दहा दिवसांपूर्वी कळलं आणि तेही माझ्याच हुशारीने. चित्रात मी आपली घळ घातली, जांभ्याच्या पायऱ्यांसकट. आणि तीही कुठेही न चुकवता.

‘ही वाट कुणी सांगितली तुला?’

‘सुचली.’

‘घळ सुचते होय रे? मी तर तुला सांगितली नाही.’ मग थोड्या वेळाने, भिंतीकडेच बघत, ‘तिला लिहितोस तू.’

मी धुतलेला ब्रश पुन्हा धुवायला घेतला.

‘जिवंत आहे?’

‘आहे.’

‘दात?’

‘पत्रावरून असावेत असं वाटतं.’

यावर तिच्या खांद्याची थोडी हालचाल झाली. हसली असावी. मग म्हणाली, ‘खडकाचं काय लिहिलंय तिनं?’

इथे मला खोटं बोलता आलं असतं. एवीतेवी चुकांचीच नोकरी चालली होती. पण मी आपली तीन वाक्यं वाचून दाखवली. बाहेर टँकर आला, गलका झाला, निंगव्वा घागरी घेऊन गेली, भांडून परत आली. तेव्हा आई म्हणाली,

‘नाही म्हणते? बरं. मग काढू नकोस.’

तेव्हापासून माझ्या चुकांचं मोल गेलं. मी समुद्रात तीन धुराड्यांची आगबोट सोडली, तिने बघितली नाही. पलीकडचा काठ बाभळींसकट परत आणला, तरी नाही. ताट जसं जातं तसं येतं. निंगव्वाही आता दारातून विचारत नाही. काल म्हणाली, ‘आता काय बी चुकवा मास्तर, म्हातारी बगंना झालीया.’ डॉक्टर नाडी बघून बाहेर येतात आणि माझ्याशी दुष्काळावर बोलतात. त्यावरून मी काय समजायचं ते समजतो.

आपल्या दोघींच्या भांडणात मी पडत नाही. ते काय आहे हेही मला ठाऊक नाही. पण मावशी, मला तो खडक पाहिजे. चित्रासाठी नव्हे.

आपला,
त्र्यंबक


सोलापूर,
१८ मार्च १९७३

ती. द्वारकामावशी,

तुमचं कार्ड आलं. ‘खडक आहे. त्या दिवशी मी त्यात होते. मथूला सांगू नये.’ ‘त्या दिवशी’ म्हणजे कुठल्या, ते तुम्ही लिहिलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. तुमची आज्ञा मी अक्षरशः पाळली. सांगितलं काही नाही, फक्त काढला.

डाव्या डोंगराच्या पायथ्याशी, अर्धा पाण्यात, पोटात पोकळ. काळा आणि निळा मिसळून चांगला दाट रंग केला आणि तो ओला असतानाच पाण्याकडे सोडला. रुद्रप्पा पहिल्यांदाच मराठीत ‘बरं’ म्हणाले. आगबोटीचं चित्र काढून टाकलं आणि हे लावलं. आईला काही म्हटलं नाही. कोपऱ्यात बसून मुलांच्या वह्या तपासत राहिलो, म्हणजे तसं दाखवत राहिलो.

‘सगळा काळा करून टाकलास,’ ती म्हणाली.

‘खडक काळाच असतो.’

‘तिथं कागद सोडायला हवा होतास. परकराचं टोक दिसायचं.’

मी वह्या खाली ठेवल्या. पुढचं मी तिच्याच शब्दांत लिहितो. मध्ये कुठेही हात लावलेला नाही.

‘सोलापूरचे पाहुणे द्वारकीला बघायला यायचे होते. मला नव्हे. ती आदल्या रात्री अंथरुणात मला म्हणाली, जिथून समुद्र दिसत नाही त्या गावात मी जायची नाही. सकाळी ओहोटी होती. गेली आणि खडकात बसली. तिला वाटलं तासाभरात पाहुणे कंटाळून जातील. पण पाहुणे घाट उतरून आलेले, ते कसले जातात? घरात शोधाशोध. बाबा ओटीवर हात चोळतायत. शेवटी आईनं मला धरलं, वेणी घातली आणि नेऊन बसवलं पुढं. समोर खिडकी. खिडकीतून खडक. आणि खडकाच्या पोटातून परकराचं टोक बाहेर आलेलं. एवढी शहाणी, पण परकर काही सावरला नाही तिनं. आणि पाणी चढायला लागलेलं. तुझे इकडचे आजोबा विचारतायत, नाव काय गं बाळ, आणि मी बघतेय पाणी कुठवर आलं. ओरडावं तर ती सापडते. गप्प बसावं तर बुडते. मी टोकावरून नजर हलवली नाही. घामाघूम झाले. आणि तुझे आजोबा बाबांना काय म्हणाले? मुलगी फार विनयशील आहे, आमच्याकडे मान वळवून बघत नाही. पसंत आहे!’

आणि मावशी, ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, खुब्यातून कळ, तरी थांबेना. निंगव्वाही येऊन काही न कळता हसली. मीही हसलो, पण जरा सांभाळून. त्या दिवशी भरती दोन बोटं जास्त आली असती तर आई ओरडली असती आणि मी जन्मालाच आलो नसतो, हा विचार माणसाला गंभीर करतो.

‘मग सांगितलं का नाहीस कधी कुणाला?’ मी विचारलं.

‘पाणी टोकाशी येऊन थांबलं आणि मागे फिरलं. मग काय सांगायचं राहिलं?’

‘आणि मग इतकी वर्षं अबोला कसला?’

‘मी कुठं धरला अबोला? ती आली नाही. मला निरोप द्यायच्या वेळी कोठीत जाऊन बसली. मी बैलगाडीत बसून कोठीच्या दाराकडे बघत होते. इथं आल्यावर वाटलं, पत्र येईल. थोरली ती, पहिलं तिनं लिहायचं. मग वाटलं, तिच्यापायी मी इथं येऊन दुःखात पडले असं समजून ती तोंड दाखवत नाही. अरे, पण मी दुःखात पडलेच नाही! तुझ्या वडिलांनी पहिल्याच उन्हाळ्यात मला न्हाणीघरात हा भलामोठा हौद बांधून दिला. म्हणाले, हा तुझा समुद्र, भरती-ओहोटी मात्र म्युनिसिपालिटीच्या हातात. असल्या माणसाबरोबर कोण रडत बसेल? एकदा येऊन बघायचं तरी होतं तिनं. तिनं न बघताच ठरवून टाकलं की मी रडतेय. त्याचा राग आला मला. अजून आहे.’

तर मावशी, तुम्ही सांगू नये म्हणालात, ते ती तुमच्याआधीपासून जाणून आहे. तुम्ही खडकातून समुद्र बघत होतात, तेव्हा ती खिडकीतून तुम्हाला बघत होती. तुम्हाला वाटत आलं असेल की तुम्ही लपलात आणि ती बिचारी सापडली. ती सापडली नव्हती. तिने तुम्हाला सापडू दिलं नव्हतं.

मी रुद्रप्पांकडे गेलो आणि विचारलं, काळ्यावर परकर काढता येईल का. ते म्हणाले, ‘पयल्याच दिवशी सांगितलं होतं की. मागनं आठवून उपेग न्हाय. नवा कागद घ्या.’ नवा कागद घेतला. सगळं नव्यानं काढलं आणि खडकाच्या पोटाशी नखाएवढी जागा कोरी सोडली. आईला विचारलं, परकर कुठल्या रंगाचा होता.

म्हणाली, ‘मला ठाऊक आहे. पण तिला विचार.’

म्हणून विचारतो आहे.

तुमचा,
त्र्यंबक


सोलापूर,
१२ एप्रिल १९७३

ती. मावशीस,

‘आपण-तुम्ही काय चालवलंस, मी काय कलेक्टर आहे?’ ही तुझी तंबी मिळाली. यापुढे ‘तू’. माझ्या पेशात इतकी सुखाची दुरुस्ती मला कुणी सुचवलेली नाही.

पत्राचा बाकीचा भाग मी आईला वाचून दाखवला. पुष्कळ ठिकाणी शाई पसरली आहे. तो समुद्राच्या दमट हवेचा परिणाम असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘हवा मलाही ठाऊक आहे तिथली,’ आणि पत्र स्वतःजवळ ठेवून घेतलं.

पण शेवटच्या ओळीने घोटाळा केला. ‘परकर हिरवा होता,’ असं तू लिहिलं आहेस.

‘हिरवा?’ आई कडाडली. ‘हिरवा माझा होता! तिचा डाळिंबी. मी नजर न हलवता बघत होते तो, आणि ती मला हिरवा सांगते? म्हणावं, एवढं असेल तर इथं येऊन माझ्या तोंडावर सांग.’

मावशी, पन्नास वर्षांत या घरातून तुझ्या नावे निघालेलं हे पहिलं आमंत्रण. शब्द तुझ्या बहिणीचे आहेत. आमंत्रणाची भाषा जरा मऊ असते हे मी तिला सुचवून पाहिलं, पण तिनं ऐकलं नाही.

तू लिहितेस की घाट चढून तू कधी वर आलेली नाहीस आणि आता या वयात धीर होत नाही. शिवाय, जिथून समुद्र दिसत नाही त्या गावात जायचं नाही, असं तू एकदा अंथरुणात ठरवलं होतंस. तुझा शब्द मोडावा असं मी म्हणणार नाही. फक्त एवढं कळवतो की आमच्या घरातून हल्ली समुद्र दिसतो. चुन्याच्या भिंतीवर, खाटेच्या उंचीला. आकाराने लहान आहे, पण पलीकडचा काठ नाही.

भात दोन वाट्या चालू आहे. कुबडीला धरून काल दोन पावलं टाकली. पडली नाही, निंगव्वाला शिव्या दिल्या. डॉक्टर दुष्काळावर काही बोलले नाहीत.

तुझा,
त्र्यंबक


सोलापूर,
२६ एप्रिल १९७३

प्रिय मावशी,

‘अक्षयतृतीयेच्या आधी येते. मथूला सांगू नये, जमलं नाही तर उगाच वाट बघेल.’

सांगितलं. वाट बघण्याचा तिचा सराव तू कमी लेखतेस.

राजापूरहून कोल्हापूर, तिथे रात्र काढ आणि सकाळची सोलापूरची गाडी धर. मिरज मागे पडल्यावर खिडकीतून काही म्हणजे काही दिसेनासं झालं तर घाबरू नकोस, ते आमच्याकडचं निसर्गसौंदर्य आहे. स्टँडवर मी असेन. ओळख म्हणून शर्टाच्या बाहीवर निळा डाग आहे, तो आता जात नाही. निंगव्वा तुला ‘समिंदराची मावशी’ म्हणते. तुला एकच विचारायचं आहे म्हणते: ‘एवढं पानी हाय तर मग खारट कशापायी?’ उत्तर तयार ठेव. मी दिलेलं तिला पटलेलं नाही.

काल आईनं मला आणि निंगव्वाला हाक मारली आणि म्हणाली, ‘मला वळवा. दाराकडे तोंड करून.’ मी म्हटलं, त्या कुशीवर दुखेल, आणि मग चित्र दिसणार नाही. ‘दुखू दे,’ म्हणाली. ‘चित्र पुष्कळ बघितलं. एकदा घरात पाहुणे आले तेव्हा मी दुसरीकडे बघत बसले होते. या खेपेला नाही बसायची.’

आम्ही तिला वळवलं. दुखलं. ती दाराकडे बघते आहे.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. चित्र तिच्या पाठीशी भिंतीवर आहे. खडकाशेजारची जागा अजून कोरीच ठेवली आहे. डाळिंबी आणि हिरवा दोन्ही रंग काढून ठेवलेत, ब्रशही धुतला आहे. काय भरायचं ते तुम्ही दोघी भांडून ठरवा. पाणी मात्र जपून वापर. इथे टँकर एक दिवसाआड येतो.